त्रेसष्ट टक्क्यांवर अडलेला लघुपट

लघुपट करणे ही गोष्ट आज कला शाखेच्या विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आली आहे. चित्रण मोबाइलवर होते, संपादन संगणकावर होते आणि संपादनाची काही चांगली सॉफ्टवेअर फुकटही मिळतात. परंतु सारे काम मनासारखे जमल्यावर, अगदी शेवटच्या रात्री, तयार लघुपटाची फाइल बाहेर काढताना, म्हणजेच एक्स्पोर्ट करताना, संगणक मध्येच मान टाकतो. हा अनुभव बहुतेकांना एकदा तरी येतोच. अशा वेळी धीर सुटतो आणि जो तो सुचेल तो उपाय करीत सुटतो. वस्तुतः हा बिघाड दैवाधीन नसतो. त्याला कारण असते आणि ते शोधण्याची रीतही असते. ती रीत समजावून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक्स्पोर्टमध्ये घडते काय?

संपादन करताना आपण मूळ चित्रणाला हात लावीत नसतो. कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत घ्यायचा, रंग कसा बदलायचा, अक्षरे कोठे यायची, यांची ती केवळ एक यादी असते. पडद्यावर आपण पाहतो ते कामचलाऊ दर्शन होय. संगणकाला झेपेनासे झाले की तो चित्राची सुबकता कमी करतो, मधल्या काही फ्रेम गाळतो आणि वेळ मारून नेतो.

एक्स्पोर्टच्या वेळी ही सवलत नसते. सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने १० मिनिटांच्या लघुपटात १५,००० फ्रेम येतात. त्यांतील प्रत्येक फ्रेम पूर्ण आकारात तयार करून, दाबून, फाइलमध्ये लिहावी लागते. १९२० बाय १०८० पिक्सेलची एक फ्रेम न दाबता ठेवली, तर ती सुमारे ६२ लाख बाइट जागा घेते. म्हणजे १० मिनिटांना सुमारे ९३ जीबी झाले! हा ढीग लहानशा फाइलमध्ये बसविण्याचे काम एच. २६४ सारखे कोडेक करतात. तेव्हा पडद्यावर सुरळीत चाललेला लघुपट एक्स्पोर्टमध्ये अडला, यात नवल ते काय?

आधी लक्षण, मग उपाय

वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे आधी लक्षण पाहावे. ते साधारणतः तीन प्रकारचे असते.

पहिला प्रकार : संगणकच बंद पडतो. येथे उष्णता किंवा वीजपुरवठा यांवर संशय घ्यावा. पंख्यातील धूळ काढावी, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा, चार्जर लावलेला असावा.

दुसरा प्रकार : संगणक चालू राहतो, पण सॉफ्टवेअर काही न सांगता नाहीसे होते. येथे बहुधा मेमरी अपुरी पडलेली असते किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडलेला असतो. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर’ऐवजी ‘सॉफ्टवेअर’ एन्कोडिंग निवडून पाहावे. वेळ जास्त लागेल. पण काम पार पडले तर संशयाचा रोख ग्राफिक्स कार्डाकडे वळतो.

तिसरा प्रकार : पडद्यावर सूचना येते. ती न वाचताच बंद करण्याची आपली खोड असते. ती सोडून सूचना वहीत उतरवून घ्यावी. पुष्कळदा तीत अडलेल्या जागेची वेळही दिलेली असते. डिस्क भरली असल्यास जागा मोकळी करावी. फाइल पेन ड्राइव्हवर लिहीत असाल, तर त्याची मांडणी फॅट ३२ पद्धतीची आहे काय ते पाहावे. तीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. फाइल आधी संगणकाच्या डिस्कवर काढावी, हे उत्तम.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : काम दर वेळी एकाच जागी अडते, की निरनिराळ्या जागी? जागा बदलत असेल तर दोष यंत्रात शोधावा. जागा तीच असेल तर दोष बहुधा टाइमलाइनमध्ये आहे.

एक उदाहरण

गेल्या वर्षी आमच्या चार विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्यांवर १० मिनिटांचा लघुपट केला. सकाळी तो महोत्सवाला द्यायचा, आणि रात्री एक्स्पोर्ट ६३ टक्क्यांवर बंद पडू लागला. तिन्ही वेळा आकडा तोच. दोष टाइमलाइनमध्ये आहे, इथवर मुलांनी बरोबर ओळखले. पण पुढे घाई केली. त्या सुमारास एका वृद्ध बाईंच्या ओव्या होत्या. त्यांचे चित्रणच खराब असणार, म्हणून तो सारा भाग काढून टाकायचे ठरत आले होते. तो भाग तर लघुपटाचा प्राण होता!

आम्ही अर्धे करण्याची रीत वापरली. पहिली ५ मिनिटे वेगळी एक्स्पोर्ट केली. ती निर्वेध बाहेर पडली. उरलेली ५ अडली. अडलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग केले, त्यांतील अडलेल्याचे पुन्हा दोन. अशा रीतीने १० मिनिटे सात वेळा अर्धी केली की ५ सेकंदांहूनही लहान तुकडा हाती येतो. त्या तुकड्यात बाईंचे चित्रण नव्हतेच. होता तो त्यांच्या लग्नातला फोटो, ज्याच्या जवळ कॅमेरा हळूहळू जातो. १० इंच रुंद व साडेसात इंच उंच असा तो फोटो कोणी उत्साहाने १२०० डीपीआयने स्कॅन केला होता. म्हणजे १२,००० बाय ९,००० : एकूण १० कोटी ८० लाख पिक्सेल. सूक्ष्म रंगगणनेसाठी सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलला १६ बाइट घेत होते. एकट्या फोटोला सुमारे १.७ जीबी मेमरी लागत होती, आणि ग्राफिक्स कार्डाची सारी मेमरी २ जीबी! फोटो ४,००० बाय ३,००० एवढा लहान केला, म्हणजे भार एक-नवमांश झाला. एक्स्पोर्ट पुरा झाला. ओव्यांतील एकही शब्द कापावा लागला नाही.

फोटोऐवजी दोषी एखादा इफेक्ट, एखादा फॉन्ट किंवा मोबाइलवरील क्लिप असू शकते. मोबाइलच्या चित्रणात दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या कमीजास्त होत राहते. अशी क्लिप आधी स्थिर गतीत रूपांतरित करून घ्यावी. अडलेला तुकडा एकटा सुटला, तर मात्र दोष त्याचा नसून साचत गेलेल्या भाराचा समजावा आणि लघुपट तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढून मग जोडावा.

एक पथ्य अवश्य पाळावे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम लिहून ठेवावा. पाच उपाय एकदम केले आणि गुण आला, तर कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच रात्र जागावी लागते. त्या मुलांनी आपली वही आता संगणकाशेजारीच ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘६३’ हा आकडा आहे.