सातबहिणींचा डोंगर आणि लेखकाचा मुक्काम : नवेगावबांध-नागझिरा परिसरातील निसर्गलेखनाचा एक विचार

मराठी निसर्गलेखनाची चर्चा करताना समीक्षेने आजवर दोन गोष्टींकडे प्रामुख्याने लक्ष दिले आहे. एक, लेखकाची निरीक्षणशक्ती आणि दोन, त्याची वर्णनशैली. लेखक ज्या ठिकाणी राहिला तेथे तो किती काळ राहिला, कोणत्या नात्याने राहिला आणि कोणाची भाषा ऐकत राहिला, हे प्रश्न बहुधा चरित्राच्या सदरात टाकून दिले जातात. ललित गद्याच्या अन्य प्रकारांत ही वाटणी कदाचित चालून जाईल. डोंगर, पाणी आणि रान यांच्या सहवासातून जन्मलेल्या लेखनात मात्र मुक्कामाचे स्वरूप हाच लेखनाच्या घडणीचा एक घटक असतो. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध आणि गोंदिया-भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरील नागझिरा या दोन रानांनी मराठीला दिलेल्या लेखनाच्या आधारे या घटकाचा विचार येथे करावयाचा आहे.

एखाद्या डोंगराच्या आश्रयाने कलावंताने काही काळ राहावे आणि निर्मिती करावी, ही कल्पना पाश्चात्त्य जगात विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थारूप पावली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातील पीटरबरो या लहान गावी संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पत्नी मेरियन यांनी १९०७ मध्ये कलावंतांसाठी निवासस्थान उभे केले. हा सारा परिसर मोनॅडनॉक नावाच्या डोंगराचा आहे. शेजारच्या डब्लिन गावी चित्रकार ॲबट थेयर १९०१ पासून कायमचा राहिला आणि तोच डोंगर त्याने पुनःपुन्हा रंगविला. थॉर्नटन वाइल्डर हा नाटककार पीटरबरोच्या या निवासात वारंवार राहिला. ‘अवर टाउन’ (१९३८) या त्याच्या नाटकातील कल्पित गावाला पीटरबरोचा चेहरा आहे, असे मानले जाते. आज अशा सोयीला आपल्याकडेही ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ म्हणतात. मराठीत तिला ‘कलावंत-निवास’ म्हणता येईल. नवेगावबांध आणि नागझिरा येथे मात्र अशी कोणतीही संस्था लेखकांना बोलावीत नव्हती. एक लेखक सरकारी नोकरीमुळे आला, एक पाहुणा म्हणून आला, आणि एक स्वतःच्या हट्टाने येऊन राहिला. तिघांच्याही हातून ग्रंथ झाले. संस्थेवाचून घडलेल्या या तीन निवासांची तुलना म्हणूनच अधिक बोलकी ठरते.

तुलनेपूर्वी डोंगराची ओळख करून घेणे आवश्यक आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी नोंद भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. (गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, त्यापूर्वीच्या सर्व नोंदी साहजिकच भंडाऱ्याच्या नावाने आढळतात.) कोहळी समाज तलाव बांधण्याच्या कौशल्याबद्दल आणि उसाच्या शेतीबद्दल या भागात प्रसिद्ध आहे. नवेगावच्या तलावाची रचना पाहिली म्हणजे त्या कौशल्याचे मर्म ध्यानात येते. सभोवार टेकड्यांचे कडे आहे. कोलू पाटलाने टेकड्यांमधल्या खिंडी मातीने बुजविल्या आणि उरलेले काम टेकड्यांनी केले. पाणी अडविण्याचा मोठा भार डोंगराने उचलला, माणसाने फक्त सांधे जोडले. लोकमानसाने या सहकार्याची पोच दिली आहे. बांधकामास साहाय्य करणाऱ्या शिखरांना ‘सातबहिणी’ म्हणून देवत्व मिळाले आणि खुद्द कोलू पाटील ‘कोलासूर देव’ झाला. त्याचे ठाणे त्याच टेकड्यांपैकी एकीवर आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या कथेत एक महत्त्वाचा संकेत सापडतो. येथील डोंगर लोकांनी दुरून पाहून सुंदर ठरविलेला नाही. तो कामात भागीदार झाला आणि म्हणून पूज्य ठरला. त्याला बहीण म्हटले गेले, आणि बहिणीच्या नात्यात उपकाराबरोबर हक्कही येतो. डोंगराचे हे पहिले ‘वाचन’ निरक्षर समाजाने केलेले आहे आणि नंतर आलेला प्रत्येक लेखक या वाचनाचा वारस होतो किंवा त्याला बगल देतो. तिसरा मार्ग त्याला उपलब्ध नाही.

याच जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड ही गुंफा या संदर्भात दुर्लक्षून चालणार नाही. गोंड परंपरेप्रमाणे कली कंकालीची तेहेतीस मुले या डोंगराच्या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या प्रयत्नांत हिरासुका पाटालीर हा किंगरी वाजविणारा वादक सामील झाला. त्याच्या संगीताने मुलांच्या अंगी बळ आले, गुहेच्या तोंडाची शिळा हलली, आणि त्या शिळेखाली वादक स्वतः सापडून गेला. डोंगराकडे गेलेल्या कलावंताची याहून गंभीर कथा या प्रदेशात नाही. १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली आदी अभ्यासक-कार्यकर्त्यांनी कचारगडच्या यात्रेला नवे चैतन्य दिले आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे अनेक राज्यांतून गोंड समाज लोटू लागला. आधुनिक मराठी निसर्गलेखनाने मात्र कचारगडकडे फारसे पाहिलेले नाही. डोंगर तोच, रानही त्याच जातीचे. पण जेथे डोंगर हा एका समाजाचा इतिहास आहे, तेथे पक्षी आणि झाडे यांच्या निरीक्षणाने भागत नाही, हे कदाचित त्यामागील कारण असावे.

आता लेखकांकडे वळू. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले होते. माडगूळकर तेथे पाहुणे होते. त्यांचा मुक्काम अल्पकाळाचा, हेतू स्पष्ट, आणि परतीची तारीख ठरलेली. या मर्यादेचे त्यांनी सामर्थ्य केले, हे मान्य करावयास हवे. माणदेशाच्या उघड्या, पावसाला पारख्या माळावर वाढलेली त्यांची दृष्टी घनदाट रानात आली तेव्हा तिने पाणवठा हेच केंद्र धरले, यात नवल नाही. त्यांची वाक्ये आखूड, रेखाचित्रासारखी. जे दिसले तेवढेच सांगणारी. झाडीबोलीचा आव त्यांनी आणला नाही. चार दिवसांच्या ओळखीवर यजमानाची बोली उचलणारे लेखक आपल्याकडे कमी नाहीत. माडगूळकरांचा संयम त्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. पुढे ‘सत्तांतर’ (१९८२) या वानरांच्या टोळ्यांवरील कादंबरीला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. प्राण्यांच्या जगण्याकडे कोणतेही तात्पर्य न लादता पाहण्याची तिच्यातील शिस्त ‘नागझिरा’मध्येही दिसते.

परंतु पाहुण्याला डोंगर नेहमी आजचाच दिसतो. त्याच्या लेखनात वर्तमानकाळ असतो, स्मृती नसते. ‘नागझिरा’मधील रान अतिशय स्वच्छ आणि अतिशय एकाकी आहे. या रानाला मनुष्याने दिलेल्या नावांचा थर तेथे पातळ आहे.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांची गोष्ट वेगळी. सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी नवेगावबांधला आला तो नोकरीच्या निमित्ताने, आणि तेथील वास्तव्याने त्यांच्यातील लेखक घडविला. ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाचे नावच मुक्कामाचे आहे. माधवराव पाटील हे त्यांचे तेथील सोबती. कोहळी, गोंड, ढिवर अशा विविध समाजांतील माणसे त्यांच्या लेखनात माहिती देणारी म्हणून येतात आणि बघता बघता गुरूच्या जागी बसतात. ढिवर पाण्यात उभा राहून जे जाणतो ते ग्रंथात नसते, याची जाणीव या लेखनात सतत जागी आहे. ऋतू बदलतात, स्थलांतरित पक्षी येतात आणि जातात, तलावाची पातळी चढते-उतरते; वर्षांच्या पुनरावृत्तीतूनच लक्षात येणाऱ्या या गोष्टी अल्पकाळाच्या पाहुण्याला मिळणे शक्य नव्हते.

चितमपल्लींच्या शब्दसंपत्तीविषयी पुष्कळ कौतुकाने लिहिले गेले आहे. त्यातील दोन प्रवाह वेगळे करून पाहण्याचे काम मात्र अद्याप नीट झालेले नाही. बगळ्यांच्या सामूहिक वीणवसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे त्यांनी रूढ केलेले शब्द संस्कृत घडणीचे आहेत. ते शास्त्राला मराठीत आणण्याच्या इच्छेतून आले. पक्ष्यांच्या रात्रीच्या आसऱ्यासाठी त्यांनी वापरलेला ‘रातनिवारा’ हा शब्द मात्र बोलीच्या अंगाने जाणारा आहे. ‘पक्षीकोश’ (२००२) या ग्रंथात संस्कृत नामांबरोबर लोकभाषांतील नावेही आली आहेत. दोन्ही प्रवाहांचे मोल एकच आहे असे मानण्याचे कारण नाही. संस्कृत घडणीचा शब्द अभ्यासिकेतही घडविता येतो. ‘रातनिवारा’च्या जातीचा शब्द कानावर पडावा लागतो, आणि त्यासाठी संध्याकाळी तलावाच्या काठी कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते. मुक्कामाचे खरे उत्पन्न हे दुसऱ्या प्रवाहातच शोधले पाहिजे.

येथे एक अडचण आहे, आणि ती भावनेच्या भरात टाळता येत नाही. चितमपल्ली ज्या काळात लिहीत होते तोच हे रान कायद्याच्या चौकटीत येण्याचा काळ होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गुरे चारण्यास कायद्याने मुभा नाही. वन्यजीवांच्या दृष्टीने हे आवश्यक होते, याविषयी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. भाषेच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम नोंदविला पाहिजे. रानातला शब्द रानातल्या कामाला चिकटलेला असतो. गुराखी, ढिवर, मोहफुले वेचणारी स्त्री यांची रानात जाण्याची वाट आक्रसली की शब्दाचा वापर आक्रसतो. ज्या खात्याच्या सेवेत राहून लेखकाने शब्द वेचले, त्याच खात्याच्या कामामुळे ते शब्द बोलणाऱ्यांची ये-जा मर्यादित झाली, ही परिस्थितीतील विसंगती आहे. व्यक्तीला तिच्यासाठी दोष देता येत नाही. लेखकाच्या कृतज्ञतेत उणेपणा नाही. परंतु वनाधिकाऱ्याच्या निवासातून जन्मलेल्या लेखनाचे मूल्यमापन करताना त्या पदाने कोणते दार उघडले आणि कोणते मिटले, हे पाहणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

तिसरे उदाहरण किरण पुरंदरे यांचे. त्यांनी नागझिऱ्यात सलग ४०० दिवस काढले आणि ‘सखा नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. ना पाहुणा, ना अधिकारी, असे हे नाते आहे; शीर्षकातील ‘सखा’ या शब्दात ते उमटले आहे. पुढे ते अभयारण्यालगतच्या पिटेझरी या गावी राहावयास गेले. चारशे दिवस म्हणजे वर्षाचे एक पूर्ण आवर्तन आणि त्यावर पुढच्या आवर्तनाची केवळ सुरुवात. पहिल्या वर्षी लेखक पाहतो, दुसऱ्या वर्षी तो पडताळतो. चारशेव्या दिवशी थांबणारा निवास या दोन्हींच्या सीमेवर उभा असतो, असे म्हणता येईल.

या तिन्ही निवासांत लेखक बाहेरून आलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे झाडीपट्टीच्या स्वतःच्या लेखनाकडे वळणे अपरिहार्य ठरते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला शास्त्रीय अधिष्ठान दिले आणि १९९० च्या दशकापासून झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ ही व्यंजने प्रमाण मराठीप्रमाणे उच्चारली जात नाहीत. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो. वरवर क्षुल्लक वाटणारा हा ध्वनिभेद तलावाच्या प्रदेशात थेट अर्थापर्यंत पोहोचतो. तलावाची पाळ येथे ‘पार’ होते. बाहेरून आलेला लेखक ‘पार’ ऐकतो आणि सवयीने ‘पाळ’ लिहितो. त्याच्या वाचकाला काही खटकत नाही आणि कोलू पाटलाच्या वंशजांच्या तोंडचा शब्द छापण्यापूर्वीच गळून जातो. झाडीबोलीत लिहिणारा कवी ‘पार’ असेच लिहितो, तेव्हा पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे वडाभोवतीचा दगडी ओटा उभा राहतो, आणि सातबहिणींमधली खिंड बुजविणारी, तीनशे वर्षे पाणी धरून असलेली मातीची भिंत त्याला दिसतच नाही. पदव्युत्तर वर्गात नवेगावबांधचे लेखन शिकविताना नेमक्या या शब्दापाशी थांबावे, आणि वर्गात झाडीपट्टीतील विद्यार्थी असल्यास त्याला तो मोठ्याने उच्चारावयास सांगावे.