खिंडारात उभी राहिलेली चांदबिबी



संत जोन ऑफ आर्क हिचा स्मरणदिन ३० मे रोजी येतो. या शेतकऱ्याच्या मुलीने १४२९ साली ऑर्लियन्सचा वेढा उठवला, राजाला राज्याभिषेकापर्यंत नेले, आणि १४३१ साली, जेमतेम एकोणीस वर्षांची असताना, तिला रुआँ शहरात जिवंत जाळण्यात आले. तिच्याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून या अभ्यासात आम्ही तिच्या सोबतीला आपल्याच मुलखातील एक स्त्री घेत आहोत. आळेफाट्यावरून नगरची एसटी धरली की आपण तिच्या गावाला पोहोचतो. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे नाव निघाले की चांदबिबीचे नाव निघतेच. (शहराबाहेर डोंगरावर ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून जी इमारत दाखवतात ती खरे तर सलाबतखानाची कबर आहे. लोकांनी प्रेमाने तिचे नाव दिले, एवढेच.)

निजामशाहीची सुरुवात आपल्या जुन्नरातून झाली. मलिक अहमदने १४९० साली येथे स्वतंत्र सत्ता स्थापिली आणि पुढे अहमदनगर वसवले. त्याच घराण्यातील हुसेन निजामशहाची चांदबिबी ही मुलगी. ती विजापूरच्या अली आदिलशहाला दिली होती. १५८० साली पती मारला गेला, तेव्हा गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या बसला आणि त्याचा सांभाळ चांदबिबीकडे आला. दरबारी भांडणांत तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही सोसावी लागली. पुढे ती माहेरी परतली. तेथेही तेच चित्र होते. १५९५ साली सरदारांचे तट पडले, ज्याने त्याने आपापला राजा उभा केला, आणि त्यांतल्या एकाने चक्क मोगलांना मदतीला बोलावले. पाहुणा दाराशी आल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, पण तोवर शाहजादा मुराद फौज घेऊन वेशीवर होता. किल्ला चांदबिबीच्या हाती सोडून सरदार कुमक आणायला निघून गेला.

तिच्याकडे राजपद नव्हते. जोनकडेही कोणते पद होते? तरी माणसे दोघींच्या मागे गेली. याचे कारण शोधायचे तर फेब्रुवारी १५९६ मधील एका दिवसाकडे पाहावे. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. त्यांच्याच छावणीतील एकाने आत खबर दिली. आतल्या लोकांनी दोन सुरुंग निकामी केले, पण तिसऱ्याचे काम चालू असतानाच तो उडाला. सुमारे ५० यार्ड तट कोसळला, काम करणारी माणसे गाडली गेली आणि कित्येक सरदारांनी पळ काढला. त्या वेळी चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन चांदबिबी खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे लाजून माघारी आले. संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून, तिच्या देखरेखीखाली, तट पुन्हा काही हात उंच बांधला गेला. गोळे संपल्यावर तिने तोफेत सोन्याचांदीची नाणी भरली असे सांगतात. ती दंतकथा असेल. आम्हाला ते रात्रीचे बांधकाम अधिक मोलाचे वाटते.

संत थॉमस अक्वायनस धैर्याविषयी लिहितात की चढाई करण्यापेक्षा टिकून राहणे हे धैर्याचे मुख्य कार्य होय. आणि धैर्याला ते विवेकाच्या हाताखाली ठेवतात. विवेक नसेल तर शौर्य म्हणजे नुसता आडदांडपणा. चांदबिबीने खिंडार राखले, पण अन्न संपत आले होते आणि बाहेरच्या मदतीची खात्री नव्हती. म्हणून तिने वऱ्हाड मोगलांना देऊन तह केला आणि बाल बहादुरशहाची गादी वाचवली. अवघा प्रांत देणे तिला सुखाचे वाटले नसणार.

खरी कसोटी चार वर्षांनी आली. १६०० साली मोगल पुन्हा आले. या वेळी शाहजादा दानियाल होता, आणि खुद्द अकबर दक्षिणेत उतरला होता. सरदारांवर भरवसा राहिला नव्हता. पन्नाशीच्या चांदबिबीने हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याला बोलावून आपले मत सांगितले. इतिहासकार फिरिश्ता याने ते नोंदले आहे. किल्ला द्यावा, जीविताची हमी घ्यावी आणि लहान राजाला घेऊन जुन्नरला निघून जावे, असा तिचा विचार होता. होय, आपल्याच जुन्नरला. हमीदखान रस्त्यावर धावला आणि ओरडत सुटला की चांदबिबी मोगलांना फितूर झाली. जमाव तिच्या महालात घुसला आणि त्याने तिला ठार मारले. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. शिबंदी कापली गेली आणि बहादुरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

भाविकांनो, येथे आम्हाला थांबावेसे वाटते. नेतृत्वाचे धडे पुढाऱ्यांनी घ्यायचे असे आपण समजतो. पण तिला मारणारे तर तिचेच लोक होते, चार वर्षांपूर्वी तिच्यामागे खिंडारात उभे राहिलेले. लढते तोवर ती त्यांना हवी होती. खरी परिस्थिती बोलून दाखवली तेव्हा ती फितूर ठरली. आपल्याकडे बांधाच्या भांडणात किंवा पाण्याच्या पाळीत जो तडजोड सुचवतो त्याचे काय होते, हे आम्ही निराळे सांगायला नको. बचत गटाच्या हिशेबाविषयी कोणी अर्धवट काही बोलले, तर वही न उघडताच एखादी भगिनी कायमची घरी बसते. हमीदखानाला पुरावा कोणी मागितला नव्हता.

जोनचा निवाडा तर जमावाने नव्हे, धर्मन्यायालयाने केला, एका बिशपच्या अध्यक्षतेखाली. ख्रिस्तसभेने हे लपवलेले नाही. तिच्या आईने दाद मागितली, पुन्हा चौकशी झाली, १४५६ साली तो निकाल रद्द ठरला आणि १९२० साली तिला संतपद मिळाले. चांदबिबीच्या बाबतीत अशी चौकशी कोणी केली नाही.

समूहाच्या सभेसाठी शास्ते, अध्याय ४ वाचून यावे. दबोरा बरोबर आल्याशिवाय बाराक लढाईला निघायला तयार नव्हता. त्याला तिची सोबत का हवी होती, आणि आपल्या वाडीवस्तीत आपण कोणाला अशी सोबत देतो, यावर प्रत्येकाने बोलावे. अनुपस्थित माणसाविषयी मात्र सभेत कोणी बोलू नये.