अपराधानंतरची वाट
अभ्यासाकरिता उतारे: मत्तय २७:३-५; लूक २२:५४-६२; योहान २१:१-१९

यहूदा व पेत्र हे दोघेही प्रभूचे शिष्य. एकाच रात्री दोघांच्या हातून घोर अपराध घडला. एकाने पैक्यासाठी गुरूला धरून दिले. दुसऱ्याने भयापोटी तीन वेळा त्याची ओळख नाकारली.

वाईट दोघांनाही वाटले. यहूदाने तर आपले पाप उघड बोलून दाखविले व ते तीस रुपयेही परत केले. मग उणे काय राहिले? तो प्रभूकडे परतला नाही. ज्या याजकांपुढे त्याने मन मोकळे केले, त्यांनी अंग झाडले. ओझ्यासह तो एकटा उरला आणि त्याने आपला जीव दिला.

पेत्रही फार रडला. परंतु तो बंधुजनांत राहिला. पुढे तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने त्याला कोळशांच्या विस्तवाजवळ जेवावयास बोलाविले. नकारही अशाच विस्तवाजवळ घडला होता. नकार तीन, म्हणून प्रश्नही तीन. प्रभूने त्याची चूक झाकली नाही आणि तिच्यावरून त्याला हिणविलेही नाही. जेथे बांध फुटला होता तेथेच त्याने तो घातला, आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपविली.

दुधनीकडच्या शेतकऱ्यास फुटलेल्या बांधाविषयी अधिक सांगणे नलगे. कपाळाला हात लावून बसणाऱ्याच्या शेतातील उरलेली मातीही पुढल्या पावसात जाते. जाणता मनुष्य पाणी कोठून शिरले हे पाहून बांध घालतो. वाफसा येण्याआधी घाई झाली असेल, तर पुढल्या वर्षी थांबतो. सोलापुरास १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र निघाले, तेथेही पावसाचे पाणी किती वाहून जाते व सोबत किती माती नेते, याची मापे घेण्यात आली. नुकसानीचा नीट हिशेब ठेवल्यावाचून पुढला हंगाम सुधारत नाही.

आपल्या जीवितासही हाच नियम लागू आहे. समजा, कोणी लग्नकार्यात ऐपतीबाहेर कर्ज काढले. लाजेने तो ते घरच्यांपासून लपवितो, आणि ते फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढतो. मग तो उपासनेस येईनासा होतो. लाज त्याला नम्र करीत नाही, एकटा मात्र करते; आणि एकटेपणात पहिली चूक दुसरीला जन्म देते. पौलाने करिंथकरांस दोन प्रकारच्या दुःखांविषयी लिहिले (२ करिंथ ७:१०), त्यांतील भेद हाच: एक मरणाकडे नेते, दुसरे पश्चात्तापाकडे.

म्हणून ज्याच्या हातून चूक झाली, त्याने ती देवापुढे व एखाद्या विश्वासू बंधूपुढे स्पष्ट सांगावी. ती कोठून सुरू झाली हे शोधावे. ज्याचे नुकसान झाले त्याचे होईल तितके भरून द्यावे. आणि नेमून दिलेल्या कामास पुन्हा लागावे. क्षमा झालेली गोष्ट रोज उकरून काढणे ही नम्रता नव्हे.

मंडळीवरही मोठी जबाबदारी आहे. कोणी रडत दाराशी आला, तर आपण त्या याजकांसारखे अंग झाडू नये. त्याची वाट आपल्या दाराशी बंद पडेल किंवा तेथूनच पुढे जाईल.

विचाराकरिता प्रश्न
१. यहूदाच्या दुःखात कोणती गोष्ट उणी होती?
२. प्रभूने पेत्राला तीन वेळा का विचारले?
३. लाजेने दूर राहिलेल्या कोणाच्या घरी या आठवड्यात तुम्ही जाल?