प्लेटलेटचा आकडा आणि रक्ताची नळी

बेंगळुरूत पावसाळा लागला की तापाच्या अनेक रुग्णांना रक्त तपासण्यास सांगितले जाते, आणि अहवाल हाती येताच साऱ्या घराची नजर प्लेटलेटच्या आकड्यावर खिळते. कर्नाटक शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले. तेव्हा ही काळजी स्वाभाविकच आहे. मात्र या आकड्यावर नळीतील द्रव्याचाही परिणाम होऊ शकतो, हे आपण जाणून घ्यावे.

शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांतच गोठते आणि गोठलेल्या रक्तातील पेशी मोजता येत नाहीत. म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे गोठणरोधक द्रव्य आधीच घातलेले असते. रक्त गोठण्यास लागणारे कॅल्शियम ते बांधून ठेवते. रक्त घेतल्यावर कर्मचारी नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करतात, ते द्रव्य नीट मिसळावे म्हणून. तसे न झाल्यास बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यांत अडकतात आणि संख्या कमी भरते.

हजारात एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत तर ईडीटीएमुळेच नळीतील प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. हा आजार नव्हे. यंत्राला मात्र तो पुंजका वेगळा ओळखता येत नाही, आणि दीड लाखाहून अधिक प्लेटलेट असलेल्या व्यक्तीच्या अहवालात पन्नास हजारही छापले जाऊ शकतात. अशा आकड्यावरून प्लेटलेट चढविण्याची घाई झाली, तर ती अनाठायी ठरते.

म्हणून आकडा अनपेक्षितपणे कमी आल्यास रक्ताचा थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पुंजके दिसल्यास सायट्रेट असलेल्या निळ्या टोपणाच्या नळीत नवा नमुना घेतात. तेथे नऊ भाग रक्तास एक भाग द्रव असतो. त्यामुळे आलेल्या संख्येस १.१ ने गुणावे लागते.

हीच निळी नळी वॉरफरिन घेणाऱ्यांच्या आयएनआर चाचणीसाठी वापरतात. ती खुणेपर्यंत भरली नाही, तर रक्त आहे त्याहून पातळ भासते आणि औषधाची मात्रा विनाकारण कमी केली जाण्याचा धोका असतो. अपुरा नमुना पुन्हा मागितल्यास कृपया नकार देऊ नये.

डेंग्यूच्या रुग्णास पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्तस्राव किंवा अतिशय ग्लानी असल्यास प्लेटलेट कितीही असोत, तत्काळ रुग्णालयात न्यावे.