दोन दिवसांची नगरयात्रा

प्रवास म्हटला म्हणजे काशी-रामेश्वराची यात्रा, हिमालयाची शिखरे किंवा समुद्रापलीकडील देश डोळ्यांपुढे उभे राहतात. अशा प्रवासाला पुष्कळ दिवस लागतात आणि पैसाही पुष्कळ लागतो. प्रत्येकाला तो साधेलच असे नाही. परंतु प्रवासाचा एक छोटा प्रकारही आहे. शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपून निघावे, शनिवार व रविवार जवळच्या एखाद्या शहरात घालवावेत आणि सोमवारी पुन्हा आपल्या कामावर हजर व्हावे. मोठ्या माणसांना असा प्रवास एकट्याने करता येतो किंवा एखाद्या स्नेह्याच्या सोबतीने करता येतो. मुलांनी तो घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर करावा. त्याला सामान थोडे लागते, खर्च बेताचा येतो. मात्र डोळे आणि पाय यांना काम भरपूर पडते.

दोन दिवसांचे तास अठ्ठेचाळीस. त्यांतून झोप, स्नान आणि भोजन यांचा वेळ वजा केला, तर हिंडावयास जेमतेम वीस तास उरतात. एवढ्या वेळात एखादे मोठे शहर पाहून होईल काय? पुष्कळ लोकांना वाटते की होईल. ते प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी करतात आणि वाहनात बसून या स्थळाहून त्या स्थळाकडे धावत सुटतात. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे थांबावयाचे, छायाचित्र घ्यावयाचे आणि पुढे निघावयाचे. घरी परतल्यावर कोणी विचारले, "काय पाहिलेत?" तर त्यांना स्थळांची नावे सांगता येतात, त्यापलीकडे फारसे काही सांगता येत नाही. 'एक ना धड भाराभर चिंध्या' या म्हणीचा अर्थ अशा प्रवासात चांगलाच उमगतो. याउलट शहराचा लहानसा भाग निवडून जो तो पायी हिंडतो, त्याला थोडे दिसते, पण जे दिसते ते मनात घर करून राहते. कसे, ते पुण्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

मुंबईहून पुणे लोहमार्गाने १९२ किलोमीटर आहे. वाटेत बोरघाट चढावा लागतो. या मार्गावर १९३० सालच्या १ जून रोजी 'डेक्कन क्वीन' ही गाडी सुरू झाली. ती सकाळी पुण्याहून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून परत फिरते. शुक्रवारी या गाडीत बसलेला मुंबईकर रात्री पुण्यास मुक्कामाला पोहोचतो आणि शनिवारची सकाळ त्याला पुण्यातच उगवते.

पुणे आता फार विस्तारले आहे. ते सारे दोन दिवसांत पाहू म्हणणे व्यर्थ होय. परंतु मुठा नदीच्या काठचे जुने पुणे पायी हिंडण्याजोगे आहे. ते निरनिराळ्या पेठांचे बनलेले आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी सातही वारांची नावे या पेठांना लाभली आहेत. परक्या माणसाला वाटते, की येथे आठवडाच रस्त्यांवर मांडून ठेवला आहे! या पेठांहून जुनी वस्ती कसब्याची. म्हणून प्रवासाचा आरंभ कसब्यापासून करणे योग्य ठरते.

कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. तेथून थोड्याच अंतरावर लालमहाल आहे. शिवाजी महाराजांचे बालपण ज्या लालमहालात गेले, तो मूळचा वाडा आता उरलेला नाही. आज दिसते ती वास्तू महानगरपालिकेने नंतर बांधलेली आहे. १६६३ सालच्या एप्रिल महिन्यात, शाएस्तेखान या वाड्यात तळ देऊन बसला असता, महाराजांनी मोजक्या माणसांनिशी रात्री त्याच्यावर छापा घातला. खान जिवानिशी वाचला, पण त्याची बोटे तुटली. हा प्रसंग पुस्तकात सर्वांनी वाचलेला असतो. परंतु सभोवतालच्या अरुंद गल्ल्या स्वतः चालून पाहिल्या, म्हणजे भर वस्तीत रात्रीच्या वेळी शिरणे आणि सुखरूप बाहेर पडणे किती अवघड असेल, याची कल्पना येते.

लालमहालाच्या अगदी जवळ शनिवारवाडा उभा आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी याचा पाया घातला. उत्तरेकडील दिल्ली दरवाजा प्रचंड असून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे बसविले आहेत. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये, म्हणून ही योजना. आत पाऊल टाकताच मात्र प्रवासी थबकतो. एवढ्या भक्कम दरवाजाच्या आत महाल नाहीत! केवळ दगडी जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. ज्या वाड्यातून अटकेपर्यंतच्या मोहिमांचे हुकूम सुटले, तो वाडा गेला कोठे? १८१७ साली पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि १८२८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात वाड्याला आग लागली. वरचे मजले विटांचे आणि लाकडाचे होते. आग कित्येक दिवस धुमसत होती. लाकूडकाम जळून खाक झाले आणि दगडी तट तेवढा शिल्लक राहिला. जोत्यांवरून सावकाश फिरताना एकेका दालनाचा आकार कळू लागतो आणि वैभव किती लवकर नामशेष होते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

यादी करून धावणारा प्रवासी येथून वाहनात बसतो आणि दूरच्या स्थळाकडे निघून जातो. पायी चालणारा दक्षिणेकडे वळतो. दहा-पंधरा मिनिटांत तो बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरापाशी येतो. तेथे दर्शनासाठी सदैव गर्दी असते. रस्त्यावर उभे राहून लोक देवाला हात जोडतात. त्यांच्या पाठीमागे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. पण प्रवाशाने एखाद्या जुन्या दुकानदाराला "काका, मुलींची शाळा भरत असे तो भिडेवाडा कोठे?" असे विचारले, तर तो नेमक्या त्याच बाजूला बोट दाखवील.

१८४८ साली जोतीराव फुले यांनी याच जागी मुलींसाठी शाळा काढली. तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या वाड्यातील जागा त्यासाठी दिली. शाळेत प्रारंभी मोजक्याच मुली होत्या. त्यांना शिकविण्यास स्त्री-शिक्षक मिळेना. तेव्हा जोतीरावांनी स्वतः शिकवून तयार केलेल्या त्यांच्या पत्नी सावित्रीबाई शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. मुलींनी लिहावे-वाचावे हे त्या काळच्या पुष्कळ लोकांना घोर पाप वाटे. सावित्रीबाई शाळेकडे जाऊ लागल्या, की लोक त्यांना शिव्याशाप देत आणि त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकीत. तरीही त्या माघारी वळल्या नाहीत. पुढे या कार्यापायी पतिपत्नींना घर सोडावे लागले, पण शाळा त्यांनी सोडली नाही.

भिडेवाडा पुढे मोडकळीस आला. २०२३ सालच्या डिसेंबर महिन्यात ती जुनी इमारत उतरविण्यात आली आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे शनिवारवाड्याप्रमाणे भिडेवाड्याच्या जुन्या भिंतीही आता राहिल्या नाहीत. तथापि दोहोंत एक मोठा भेद आहे. शनिवारवाडा जळाल्यानंतर वीस वर्षांनी ही शाळा सुरू झाली. वाड्यात जे चालत असे, ते वाड्याबरोबर संपले. भिडेवाड्यात ज्याचा आरंभ झाला, ते काम मात्र आज गावोगाव चालू आहे. सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेकडे निघालेली प्रत्येक मुलगी त्याची साक्ष देते. वाहनाच्या खिडकीतून हे दिसले नसते. हा विचार सुचावयास दोन्ही जागा एकाच सकाळी, एकामागून एक, पायी चालून पाहाव्या लागतात.

हा धागा एकदा हाती आला, म्हणजे पुढचा रस्ताही बोलू लागतो. तुळशीबागेजवळ दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेला विश्रामबागवाडा आहे. त्याच्या दर्शनी भागावरील लाकडी कोरीव काम पाहण्यासारखे आहे. १८५२ साली याच वाड्यात इंग्रज सरकारने जोतीरावांच्या शिक्षणकार्याचा गौरव केला. तेथून पुढे गेले, की भाजीबाजाराची अष्टकोनी इमारत लागते. ती १८८६ साली खुली झाली. जोतीराव नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरील मोठ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज त्याच इमारतीला 'महात्मा फुले मंडई' असे नाव आहे! भाजीवाल्यांचा पुकारा ऐकत तेथे घटकाभर उभे राहिले, की शहर म्हणजे केवळ इमारती नव्हेत, माणसे हेच शहर, ही गोष्ट नीट कळते.

येथे प्रश्न येतो, की असा प्रवास एकट्याने करावा की सोबतीने? दोन्ही रीतींत गुण आहेत. एकटा माणूस मनास येईल तेथे हवा तितका वेळ थांबू शकतो. बोलावयास कोणी नसल्यामुळे त्याला अनोळखी लोकांना वाट विचारावी लागते आणि त्या निमित्ताने नव्या ओळखी होतात. परंतु एखादी सुंदर वस्तू दिसली आणि "हे बघ!" असे म्हणावयास जवळ कोणी नसले, म्हणजे त्याला थोडे चुकल्यासारखे वाटते. दोघे असले, म्हणजे एकाच्या नजरेतून जे सुटते ते दुसऱ्याला दिसते. एकाचे लक्ष कोरीव खांबांकडे, तर दुसऱ्याचे कारागिराच्या हातांकडे असते. मात्र आपल्याला जे आवडते तेच सोबत्याला आवडले पाहिजे, असा हट्ट धरता कामा नये. दिवसभरातून तासभर दोघांनी निरनिराळ्या वाटांनी हिंडावे आणि जेवताना एकमेकांना आपापली हकीकत सांगावी. असे केल्याने एका दिवसात दोन दिवसांचे पाहणे होते.

रविवारी सकाळी मंडईपासून पायी निघून फुलेवाड्यात जावे. जोतीराव व सावित्रीबाई यांचे हे घर. आवारात जोतीरावांची समाधी आहे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत. त्या काळी, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. शनिवारवाड्याच्या मानाने हे घर अगदीच लहान आहे. परंतु त्याचे दार कोणासाठी उघडले होते, हे जाणणारा प्रवासी या उंबरठ्यावर क्षणभर नम्रपणे उभा राहतो.

तेथून राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावयास जावे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या अकाली वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला. गावोगाव फिरून, पदरमोड करून त्यांनी जमविलेल्या सुमारे वीस हजार वस्तू १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. येथे दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तू मांडल्या आहेत. राजांचा इतिहास वाड्यांत दिसतो, तर साध्या संसाराचा इतिहास या दिव्यांत आणि अडकित्त्यांत दिसतो. सर्व वस्तू एका भेटीत पाहून होत नाहीत. तेव्हा दोघा मित्रांनी एक खेळ करावा. प्रत्येकाने आपल्याला आवडलेली एकच वस्तू निवडावी, तिचे रेखाचित्र वहीत काढावे आणि ती का निवडली, हे दुसऱ्याला सांगावे.

दुसऱ्याच्या गावी गेलेला माणूस पाहुणा असतो, हे मात्र कधी विसरू नये. जुन्या वाड्यांतून आजही कुटुंबे नांदतात. त्यांच्या चौकात विचारल्यावाचून शिरू नये. दगडावर वा खांबावर आपले नाव कोरणे म्हणजे दोनशे वर्षे जपलेली वस्तू एका क्षणात विद्रूप करणे होय. रस्त्यात कचरा टाकू नये आणि देवळात मोठ्याने बोलू नये.

रविवारी संध्याकाळी गाडीची वेळ होते. पर्वती राहिली, पाताळेश्वराचे लेणे राहिले, आगाखान पॅलेस राहिला. न पाहिलेल्या स्थळांची यादी पाहिलेल्या स्थळांहून मोठीच असते. पण त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. जे राहिले, ते पुन्हा येण्याचे निमित्त होते. शिवाय नीट पाहावयास शिकलेला माणूस आपल्या गावी परततो, तेव्हा रोजच्या रस्त्यावरूनही तो निराळ्या नजरेने चालू लागतो. आपल्या गावातील पेठेला हे नाव का पडले, आपली शाळा कोणी व केव्हा काढली, गावातील विहीर कोणासाठी खुली होती आणि कोणासाठी नव्हती, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. दोन दिवसांच्या प्रवासाची ही मिळकत काही थोडी नव्हे.

अभ्यास

१. धावता प्रवास आणि पायी केलेला प्रवास यांत लेखात कोणता फरक सांगितला आहे?
२. शनिवारवाडा व भिडेवाडा यांत कोणते साम्य आहे? कोणता मोठा भेद आहे?
३. मंडईला महात्मा फुले यांचे नाव असणे ही गोष्ट विशेष का वाटते?
४. एकट्याने प्रवास करण्याचे व सोबतीने प्रवास करण्याचे प्रत्येकी दोन गुण सांगा.
५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, नामशेष होणे, माघारी वळणे, पदरमोड करणे.
६. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून मिळवा व ती दहा ओळींत लिहा.