पहिल्या पायाचें बळ

ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्या आगगाडीच्या दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली व १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत जाऊं लागली, तेव्हांही तें तेवढेंच होतें. त्या वेळचीं इंजिनें केव्हांच गेलीं. माप मात्र राहिलें. कारण पुढचे सारे पूल, फलाट व डबे त्याच मापास धरून बांधले गेले.

संगणकाच्या विद्येंतही असेंच घडलें आहे. यंत्र व त्यावरील कार्यक्रम ह्यांचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लहान संगणकांकरितां अशी एक व्यवस्था अमेरिकेंत गॅरी किल्डॉल ह्यांनीं १९७४ सालीं रचली. तिचें नांव सीपी/एम. तींत तबकड्या ए, बी अशा अक्षरांनीं ओळखल्या जात. १९८० सालीं टिम पॅटरसन ह्यांनीं तिच्या धर्तीवर दुसरी व्यवस्था तयार केली. ती मायक्रोसॉफ्टनें १९८१ मध्यें विकत घेतली व तीच पुढें डॉस ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. ए व बी हीं अक्षरें फ्लॉपीकडे गेलेलीं असल्यामुळें, १९८३ सालीं आयबीएमच्या संगणकांत आलेल्या हार्ड डिस्कला सी हें अक्षर मिळालें.

आज फ्लॉपी दृष्टीस पडत नाहीं. तरी विंडोजमध्यें मुख्य डिस्क सीच आहे. आणखी प्रचीति हवी असल्यास नव्या फोल्डरला सी, ओ, एन हीं तीन इंग्रजी अक्षरें नांव म्हणून देऊन पाहावीं. संगणक तें स्वीकारीत नाहीं. त्या जुन्या व्यवस्थांत तें नांव टंकफलक व पडदा ह्यांचें होतें. जुने कार्यक्रम बंद पडूं नयेत म्हणून तें आजवर राखून ठेविलें आहे.

किल्डॉल १९९४ सालीं वारले. त्यांचें नांव थोड्यांसच ठाऊक आहे. त्यांच्या व्यवस्थेची खूण मात्र घरोघरीं आहे. पायांत घातलेली सोय टिकते, तशी अडचणही टिकते. कारण इतरांनीं त्यावर मजले चढविल्यावर पाया बदलणें कोणा एकाच्या हातीं राहत नाहीं. अभ्यासाची रीत, वेळेचा नेम व शब्दाचा खरेपणा हीं मुलांचीं मापें ह्याच वयांत ठरत असतात. तीं नीट तपासून घेण्याची वेळ रूळ टाकण्यापूर्वींची आहे, हें मुलांनीं व त्यांच्या आईबापांनींही ध्यानांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें.