वर्षाचा हिशेब लोकांपुढे ठेव

डोंबिवली (पूर्व)

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

महापालिकेची निवडणूक लढवायचं तुझ्या मनात आहे, हे ताईकडून कळलं. आनंद झाला. आजोबांच्या ओळखी कामी येतील, असं तू म्हणालास म्हणे. येतीलही. खासदार प्रकाश परांजपे २००८ साली गेले, तेव्हा पोटनिवडणुकीत ठाण्याने त्यांच्या मुलाला, आनंद परांजपे यांना निवडून दिलं. पण घरच्या नावावर दार उघडलं, तरी पुढचा विश्वास ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.

तो कसा कमवावा, हे रामभाऊ म्हाळगींकडून शीक. १९५७ मध्ये ते मावळातून आमदार झाले. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात होते. १९७७ आणि १९८० मध्ये आपल्या ठाण्यातून लोकसभेवर गेले आणि साठी ओलांडते न ओलांडते तोच, १९८२ मध्ये गेले. वर्षभरात आपण काय केलं, याचा छापील अहवाल ते मतदारांच्या हाती देत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अँड्र्यू मार्व्हेल हा कवी हल शहराचा खासदार होता. संसदेत काय चाललंय, ते तो लंडनहून हलच्या कारभाऱ्यांना पत्रांनी कळवत राही. त्यातली सुमारे ३०० पत्रं आजही आहेत. शहराने पाठवलेल्या माणसाने शहराला हिशेब द्यायचा, हे दोघांनीही आपलं काम मानलं.

तू आजच एक वही घाल. तक्रार कोणाची, अर्ज प्रभाग कार्यालयात कधी दिला, आवक क्रमांक काय, काम कुठे अडलं, सगळं लिही. मग ते गटाराचं फुटकं झाकण असो की चौथ्या मजल्यावर न चढणारं पाणी. नुसतं ‘बघतो’ म्हणून कुणाला परत पाठवू नकोस. होणार नसेल तर तोंडावर सांग. लोक नकार पचवतात, टोलवाटोलवी नाही.

सूनबाईला विचारल्याशिवाय उमेदवारी अर्ज भरू नकोस. सकाळची लोकल गाठणाऱ्या त्या पोरीच्या घरात रात्री अकरालाही माणसं येतील. आणि कंत्राटदाराकडचा पेढ्यांचा पुडासुद्धा उंबरठ्याच्या आत घेऊ नकोस.

निवडून आलास, तर दरवर्षी चार पानांचा अहवाल छाप आणि घरोघरी स्वतः दे. न झालेली कामं पहिल्या पानावर असू देत. एवढं कबूल असेल, तर प्रचाराला मी तुझ्याबरोबर जिने चढेन.

तुझा,
मामा